गुग्गुळदास

शालनवहिनींचा फोन आला तेव्हा मी वास्कोला मुलाच्या घरी होतो. सकाळची वेळ. खाली पाववाला पोदेर येऊन गेला होता, सून पाव घेऊन जिना चढत होती आणि मी गॅलरीत उभा राहून बंदरातली एक मोठी बोट बघत होतो. "भाऊ, ते गेले," एवढंच वहिनी म्हणाल्या. मग पाठीमागून कोणीतरी फोन घेतला आणि अंत्यविधीची वेळ सांगितली. वास्कोहून पणजी, पणजीहून डिचोली, तिथून गावात जाणारी सरकारी बस... पावसाळा सरत आला होता, पण त्या दिवशी पाऊस होता. मी पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. छत्र्या मिटलेल्या, पाय घोट्यापर्यंत लाल चिखलाने माखलेले. गोकुळदासचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. घराकडे जाताना वाटेत त्याचं शेत लागतं, ते मात्र दिसलं. त्यात त्याने रचलेल्या अकरा दगडी ढिगाऱ्यांभोवती पाणी साचलेलं होतं. तिथे पाणी साचता कामा नये, हे मला ठाऊक होतं, पण ते मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. गेलेल्या माणसाविषयी लिहायचं तर त्याचे गुण आधी सांगायचे असतात. गोकुळदासच्या बाबतीत हट्टापासूनच सुरुवात करावी लागेल आणि हट्टाला गुण म्हणावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही दोघे पेडण्याकडचे, धारगळचे. एकाच शाळेत, एकाच बाकावर. हमरस्त्यावर त्याच्या वडिलांचं सोड्याचं दुकान होतं. दुकानात बसून तो येणारे-जाणारे ट्रक बघायचा आणि नुसत्या आवाजावरून गाडी भरलेली आहे की रिकामी, ते सांगायचा. गुरुजींनी एखादं गणित चुकलंय म्हटलं, तर तो ते पुसायचा नाही. त्याच्या खाली पुन्हा तेच गणित करायचा आणि पुन्हा तेच उत्तर काढून दाखवायचा. एकदा गुरुजींचंच उत्तर चुकीचं निघालं होतं. बाकी सगळ्या वेळी त्याचं.

मी शेतकीचं शिक्षण घेऊन सरकारी कृषी खात्यात लागलो. तो डिचोलीच्या पट्ट्यात एका खाणीवर टिपर चालवू लागला. तिथल्याच एका गावातल्या शालनशी त्याचं लग्न झालं. शालन एकुलती एक. तिचे वडील बाबलोमामा एकटे पडतील म्हणून गोकुळदास सासऱ्यांच्या घरी राहायला गेला. घरजावई म्हणून लोक मागे बोलायचे. तोंडावर कोणी बोलत नसे, कारण त्याचा आवाज मोठा होता. बाबलोमामा मात्र अगदी कमी बोलणारे. त्यांचं ओढ्याकाठी एक शेत होतं, पावसात भात आणि थंडीत आळसांदे पिकवणारं. आळसांदे म्हणजे आमच्याकडची मोठ्या दाण्याची चवळी. पेडण्या-डिचोलीकडे हिवाळ्यातल्या जेवणात तिच्याशिवाय चालत नाही. त्या शेतातले आळसांदे लवकर शिजतात, अशी गावात ख्याती होती.

शेताच्या वरच्या अंगाला खाणीचा डंप होता. खनिज काढताना जी निरुपयोगी माती निघते, तिचा डोंगर. वर्षावर्षाने तो वाढत गेला. दर पावसात थोडा लाल गाळ ओढ्याने खाली यायचा आणि बाबलोमामा तो खरवडून बांधावर टाकायचे. एका वर्षी मात्र डंपाची एक बाजू बसली आणि एका दुपारी शेतात गुडघाभर लाल रबडी शिरली. भाताची रोपं त्यातच गेली. पाऊस संपल्यावर ती रबडी सुकली आणि तिच्यावर पहार मारली तर टणकन आवाज येऊ लागला. बाबलोमामांनी दोन वर्षं प्रयत्न केला, मग सोडून दिला. पण रोज सकाळी ते बांधावर जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. जावयाला ते काही बोलले नाहीत. एक शब्दही नाही.

पुढे खाणी बंद पडल्या. टिपर रांगेने उभे राहिले, त्यांच्यावर वेली चढल्या. गोकुळदास घरी बसणारा माणूस नव्हता. तो मालवाहू ट्रक घेऊन लांबच्या लाइनवर जाऊ लागला, गुजरातपर्यंत. अशाच एका खेपेत कच्छमध्ये, एका ओसाड रस्त्यावर, त्याच्या ट्रकचा ॲक्सल तुटला. दुसरा येईपर्यंत तीन दिवस थांबावं लागलं. जवळ एका मेंढपाळाचं घर होतं. तिथल्या माणसांनी त्याला अंगणात बाज टाकून दिली. संध्याकाळी घरातली बाई गोठ्यात एका खापरात विस्तव घेऊन आली आणि त्यावर तिने तपकिरी खडे टाकले. धूर झाला, माश्या पळाल्या. गोकुळदासने वास ओळखला. देवळात धुपारतीच्या वेळी येतो तसा, पण जास्त खोल. गुग्गुळ. त्याने विचारलं, हा येतो कुठून? घरच्या म्हाताऱ्याने कुंपणाकडे बोट दाखवलं.

ही हकीकत त्याने मला अनेकदा सांगितली आणि प्रत्येक वेळी या ठिकाणी तो थांबायचा. "मेलेलां झाड दाखवून माझी मस्करी करतां, असां वाटलां माका," तो म्हणायचा. कंबरभर उंचीचं झुडूप. वाकड्यातिकड्या फांद्या, टोकाला काटे, पान एकही नाही, साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडणारी. म्हाताऱ्याने नखाने ती साल बाजूला केली तर खाली हिरवं. पाऊस पडला की चार दिवसांत पानं येतात, म्हाताऱ्याने सांगितलं. पाऊस गेला की झाड ती टाकून देतं आणि वाट बघत बसतं. दगडात येतं. वाळूत येतं. गुरं तोंड लावत नाहीत. आठ-दहा वर्षं वाढू द्यायचं, मग थंडीत सालीला हलकीशी चीर द्यायची. डिंक हळूहळू बाहेर येऊन थेंबाथेंबाने घट्ट होतो. चीर खोल गेली तर झाड मरतं. घाईची माणसं जास्त डिंकासाठी खोल कापतात, चिरेवर काहीबाही चोपडतात, त्याने डिंक भरपूर येतो आणि झाड वर्षभरात वाळतं. म्हणून आता रानात फार उरलेलं नाही. हे आमच्या कुंपणातलं, आजोबांनी लावलेलं. क्लच दाबून दाबून गोकुळदासचा डावा गुडघा कायमचा सुजलेला असायचा. त्या घरातल्या बाईने गुग्गुळ गरम पाण्यात कालवून त्याचा लेप गुडघ्यावर दिला. त्याने गुडघा बरा झाला का, असं मी एकदा विचारलं. "तीन दिवस क्लच दाबूक नाय, म्हणून बरो झालो," तो म्हणाला. तो खोटं बोलत नसे. निघताना त्याने त्या कुंपणाच्या अंगठ्याएवढ्या जाड बारा फांद्या मागून घेतल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून केबिनमध्ये ठेवल्या.

तो त्या घेऊन थेट माझ्या कार्यालयात आला. त्या वेळी मी डिचोलीलाच होतो. टेबलावर गोणपाट उलगडून तो म्हणाला, "हेंका पाणी नको, माती नको. आमच्या शेतात माती खय असा?" त्याला खात्याकडून जमिनीची पाहणी आणि लागवडीची शिफारस हवी होती. मी छापील अर्ज दिला, त्याने तो तिथेच बसून भरला. चार दिवसांनी मी शेतावर गेलो. मे महिना होता, जमीन फरशीसारखी. पण मी पावसाचा हिशेब जाणत होतो. हे झुडूप जिथलं, तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आमच्याकडे आषाढातल्या एका आठवड्यात पडतो. शिवाय त्या लाल थरातून पाणी खाली जायला वाट नव्हती. मी शेरा लिहिला: प्रस्तावित झुडूप येथील पर्जन्यमानास अयोग्य. जमिनीत निचरा नाही. शिफारस नाही.

कार्यालयात येऊन गोकुळदासने तो दोनदा वाचला. मग विचारलं, "मगे ह्या मातीत कितें रुजतलां, तां तरी लिही."

मी म्हटलं, अर्जात तसा रकाना नाही.

तो कागदाची घडी घालून उठला. त्यानंतर दीड वर्ष तो माझ्याशी बोलला नाही. धारगळच्या जत्रेत समोरासमोर आलो तर तो बाजूच्या खाजेवाल्याकडे वळायचा. शालनवहिनी मात्र गाठ पडली की हटकून बोलायच्या आणि त्यांच्याकडूनच मला कळत गेलं. पहिल्या बारा फांद्या त्याने मिरगाला लावल्या. त्या आठवड्याभरात फुटल्या, सगळ्या गावाला बोलावून त्याने त्या दाखवल्या, आणि श्रावणात त्या मुळाशी काळ्या पडून एकेक करत आडव्या झाल्या. पुढच्या खेपेला त्याच म्हाताऱ्याकडून त्याने आणखी फांद्या आणल्या, त्या पाऊस संपल्यावर दिवाळीत लावल्या. उन्हाळाभर त्या उभ्या राहिल्या. पावसाच्या तोंडावर त्याने बंद पडलेल्या टिपरांच्या जुन्या ताडपत्र्या आणून प्रत्येक रोपावर तंबू ठोकला. लोक रस्त्यावर उभे राहून बघायचे. याच सुमारास कोणीतरी त्याला 'गुग्गुळदास' म्हटलं आणि ते नाव त्याला चिकटलं ते कायमचं. पोस्टमनसुद्धा तेच म्हणायचा. गोकुळदास ओ द्यायचा. तंबूंच्या आत ओल कोंडली, बुरशी आली आणि तीही रोपं गेली.

मग एका रविवारी सकाळी तो पेडण्याला माझ्या दारात उभा राहिला. नमस्कार नाही, विचारपूस नाही. हातात मुळासकट उपटलेलं एक मेलेलं रोप. ते त्याने माझ्या टेबलावर, बायकोने नुकत्याच धुऊन घातलेल्या कापडावर ठेवलं आणि म्हणाला, "ह्यां कशान मेलां, सांग. शेरो नको. सांग." मी सुरीने मूळ उभं चिरलं. आतून काळं आणि मऊ. मी त्याला दाखवलं की वरून पडणारं पाणी या झाडाला मारत नाही. खाली साचून राहणारं मारतं. याचे पाय ओले राहता कामा नयेत. पाय कोरडे ठेवलेस तर वरून कितीही कोसळलं तरी कदाचित टिकेल. मी 'कदाचित' म्हटलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. त्याने ते ऐकलं नसावं. चहा न पिता तो गेला.

त्या हिवाळ्यापासून त्याने काय केलं, ते मी निवृत्त झाल्यावर पाहिलं. तिसऱ्या खेपेत अकरा फांद्या आणल्या होत्या. म्हातारा वारला होता, त्याच्या मुलाने त्या दिल्या. चिऱ्यांच्या खाणीवर दगड कापताना जे तुकडे आणि भुगा पडतो, तो आणून गोकुळदासने शेतात छातीएवढे उंच अकरा ढिगारे रचले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक फांदी लावली. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पाणी थांबू नये म्हणून प्रत्येकाभोवती चर खणला. तो चर पुढच्या ढिगाऱ्याच्या चराला जोडला, तो त्याच्या पुढच्याला, आणि शेवटचा ओढ्यात सोडला. त्या लाल थरात पहार घालून, कुदळ घालून, एकट्याने. थर फोडून खालच्या जुन्या काळ्या मातीपर्यंत चर नेले होते. सगळं मिळून दोन हिवाळे लागले. वाकडंतिकडं जाळं होतं ते. एकही चर सरळ नव्हता. पावसात दर आठवड्याला त्यात गाळ बसायचा, तो उपसावा लागायचा. तो उपसायचा. डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन, भर पावसात, रेडिओवरचं भजन मोठ्याने म्हणत, आणि ते वाईट म्हणत.

रविवारी मी त्याच्याकडे जाऊ लागलो. बाकीचं मला फारसं काही काम नव्हतं. एकदा बांधावर बसलो असताना मी विचारलं की एवढा अट्टाहास कशासाठी? धंदा करायचा तर काजू लाव, वरच्या जागेत अननस लाव. समोर डंप होता, आता त्याच्यावर गवत आणि रानटी झुडपं आलेली.

"ती माती माझ्याच टिपरातली, अनंता," तो म्हणाला. "ही बाजू भरीत होते, तेव्हा माझी पाळी होती. मीच नेऊन वयर ओतलंय. शेत खाली दिसतां होतां माका... रोज दिसतां होतां."

मी म्हटलं, तू नसतास तर दुसऱ्या कोणी ओतली असती.

"दुसरो मामांच्या घरात जेवलो नसतो," तो म्हणाला.

गुग्गुळाविषयी इतकी वर्षं मला जे वाटत होतं, की हा एका ड्रायव्हरच्या डोक्यात शिरलेला धंद्याचा किडा आहे, ते सगळं त्या एका वाक्यात बाद झालं. त्याला डिंक विकायचा नव्हता. त्या मातीत काहीतरी जगायला हवं होतं, आणि त्याने आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात चिवट झाड ते होतं. म्हणून ते.

अकराही झाडं जगली. पावसात ती आपल्याकडच्या हवेला भुलून भलतीच पालेदार व्हायची, माघात पुन्हा उघडीबोडकी. पाहुणे त्यांना सरपण समजायचे. नऊ वर्षं झाल्यावर एका थंडीत गोकुळदासने चीर द्यायची ठरवली. मला बोलावून घेतलं. एकाच झाडाला, दाढीच्या पात्याने, दोन बोटांएवढी चीर. पातं टेकवताना ते सालीवरून निसटलं आणि तो माझ्यावर ओरडला, "धक्को मारू नको." मी चार हात लांब होतो. आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा चिरेच्या खाली मुगाएवढे तीन थेंब गोठलेले होते, मधासारखे पिवळसर. खरा की खोटा याची पारख तो कच्छमध्ये शिकला होता: ऊन पाण्यात खऱ्या गुग्गुळाचं पाणी दुधासारखं होतं आणि विस्तवावर तो फुलतो. एक थेंब त्याने पेल्यात टाकून पाहिला. पाणी पांढरं झालं. उरलेले दोन कागदावर घेऊन तो घरी गेला, मी मागोमाग.

बाबलोमामा तेव्हा फार थकले होते. दिवसभर जनेलाजवळ, म्हणजे खिडकीपाशी, सोप्यावर बसून असायचे, शेतावर जाणं बंद झालं होतं. गोकुळदासने चुलीतला निखारा पळीवर घेतला, त्यांच्यासमोर धरला आणि दोन्ही थेंब त्यावर ठेवले. ते फुगले, चुरचुरले, आणि बारीक निळसर धूर वर गेला. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा प्रकार.

"कसलो वास ह्यो?" मामांनी विचारलं.

"गुगूळ, मामा."

"आमच्या शेतातलो?"

"होय."

मामांनी डोळे मिटून श्वास घेतला. धूर संपला होता तरी ते घेत राहिले. मग म्हणाले, "बरो असा." गाळ शिरल्यापासून त्या शेताविषयी जावयाशी बोललेले त्यांचे तेवढेच शब्द. गोकुळदास पळी घेऊन आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आत भांडं घासल्याचा आवाज येत होता. त्या घरात त्याने भांडं घासल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या वर्षी मामा गेले.

आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती आम्हा दोघांच्याही लक्षात आली नव्हती. ती शालनवहिनींना दिसली. चरांतून पाणी वाहून जाऊ लागल्यापासून ढिगाऱ्यांच्या मधली जमीन पावसानंतर पूर्वीसारखी फरशी होत नव्हती. तिला भेगा पडायच्या, भेगांतून गवत येऊ लागलं होतं. चर उपसताना निघालेली खालची काळी माती गोकुळदासने कडेला टाकली होती, ती पसरली होती. वहिनी केर आणि शेणकूट तिथेच नेऊन टाकायच्या. एका कार्तिकात त्यांनी कोणाला न सांगता मूठभर आळसांदे दोन ढिगाऱ्यांच्या मध्ये टोचले. फाल्गुनात शेंगा लागल्या. त्यांनी ते शिजवून आमच्या पानात वाढले. गोकुळदासने दोन घास खाल्ले, थांबला, वाटीत बघितलं. "खयचे गो हे?" वहिनी म्हणाल्या, "वळखा." तो हात न धुता शेताकडे गेला.

इथे मला माझ्याविषयी लिहिणं भाग आहे. मी शेतकी शिकलो होतो. निचरा नाही, असं मीच लिहिलं होतं. निचरा नसेल तर चर खणावेत, थर फोडावा, शेणखत घालावं आणि चार-पाच हिवाळे कडधान्य घ्यावं, जमीन हळूहळू परत येते, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. गोकुळदासने मला नेमका तोच प्रश्न विचारला होता आणि मी रकाना नाही म्हणून सांगितलं होतं. जे मी चार ओळींत सांगू शकलो असतो, ते करून घ्यायला त्याला कच्छच्या वाळवंटातलं एक झुडूप लागलं. माझा शेरा चूक नव्हता; आजही मी तो तसाच लिहीन. खाली आणखी चार ओळी लिहीन, इतकंच. हे मी एकदा त्याला बोलून दाखवलं. तो हसला. "तू सांगितलं असतंस तर मी आयकलंय असतंय काय?" म्हणाला. माझी समजूत काढायला तो तसं म्हणाला, की ते खरंच होतं... दोन्ही शक्य आहे.

या वर्षी आषाढात तो आजारी पडला. फुप्फुसं. खाणीच्या धुळीने, असं काही जण म्हणतात; डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही. सहा आठवडे तो इस्पितळात होता आणि शालनवहिनी पूर्ण वेळ त्याच्या खाटेपाशी. मी तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या वेळी त्याला नळी लावलेली होती, त्याने माझ्याकडे बघून हाताने उपसल्यासारखी खूण केली. मला वाटलं, त्याला पाणी हवंय. मी परिचारिकेला बोलावलं. त्याने मान फिरवली.

ती खूण कशाची होती, हे मला बाराव्यानंतर कळलं. वहिनी मला शेतावर घेऊन गेल्या. पाऊस थांबला होता. चर गाळाने काठोकाठ भरले होते, कारण त्या पावसाळ्यात ते उपसायला कोणीच नव्हतं. ढिगारे पायथ्याशी खचून पाण्यात बसले होते. अकरांपैकी नऊ झाडं मुळाशी काळी पडली होती. मी एकेक हलवून बघितलं, ती हातात आली. उरलेली दोन वरच्या कोपऱ्यात, उतारावर होती म्हणून वाचली.

"रोज इचारीत," वहिनी म्हणाल्या. "चर उपसलंस काय? मी म्हणी, होय. नळी घातल्यार हातान इचारीत. तरी मी मान हालयी... खोटां बोललंय मी, भाऊ."

मी म्हटलं, तुम्ही दुसरं काय करणार होता?

"माका म्हायत," त्या म्हणाल्या. "तरी पण खोटांच तां." रडल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि वाचलेल्या दोन झाडांभोवतीचा गाळ ओढायला लागल्या. थोड्या वेळाने मीही दुसरं फावडं घेतलं. माझं वय आणि पाठ पाहता ते शहाणपणाचं नव्हतं. ओढ्याच्या तोंडाशी गाळाचा बांध फुटला तेव्हा साठलेलं लाल पाणी आवाज करत निघून गेलं आणि आम्ही दोघे ते बघत उभे राहिलो.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो होतो. या वर्षी वहिनींनी सगळ्या शेतात आळसांदे पेरायचं ठरवलंय आणि नांगरटीसाठी शेजारच्या वाड्यावरचा टिलरवाला बोलावला होता. मधल्या वयाचा, कामाला चोख माणूस. त्याने बांधावर उभं राहून शेत नजरेने मोजलं आणि म्हणाला, "वयनी, हे धोंड्यांचे ढीग आता कित्याक? झाडां तर गेली. आधी हे काढून टाकूया, म्हणजे टिलर सरळ जायत. अर्ध्या दिवसाचां काम."

"नको," वहिनी म्हणाल्या. "वळसो घे."

"दोन झाडांक घेतंय. बाकीच्या नवांक?"

"सगळ्यांक."

"अकरा वळसे?"

"अकरा."

तो माझ्याकडे बघू लागला. मी निवृत्त कृषी अधिकारी आहे हे त्याला ठाऊक होतं, माझ्याकडून काहीतरी शहाणपणाचं येईल असं त्याला वाटलं असावं. मी बोटाने हवेत एक वळसा काढून दाखवला. त्याने खांदे उडवले, दोरी ओढून टिलर सुरू केला आणि शेतात उतरला. लाल मातीतून काळी वर येत तास सरळ निघाला. पहिल्या ढिगाऱ्यापाशी आल्यावर त्याने हँडल दाबून टिलर वळवला, तेव्हा शालनवहिनी बियाण्याची टोपली कमरेवर घेऊन बांधावरून खाली उतरल्या आणि आळसांद्याचा एकेक दाणा टाकत त्या वळणाने त्याच्या मागोमाग चालू लागल्या.